अनागताचे भय, अनागताची आशा



सन २०२३ च्या जूनमध्ये पालख्या निघाल्या तेव्हा आभाळ कोरडे होते. तुकोबारायांची पालखी १० जूनला देहूहून आणि ज्ञानोबारायांची ११ जूनला आळंदीहून हलली. मृग लागला होता, पण घाटावर मोसमी पाऊस पोचला नव्हता. दिंडीत चालणाऱ्या कित्येक शेतकऱ्यांनी नांगरट-कुळवणी उरकून रान तयार ठेवले होते, बियाणे घरात आणून टाकले होते, आणि पेरणी मुलाच्या नाहीतर भावाच्या हवाली करून ते वारीला आले होते. मुखाने नाम चालू, पायांनी वाट चालू, आणि नजर घडोघडी आभाळाकडे. कोणी म्हणे, यंदा काही खरे नाही, दुष्काळ पडणार. कोणी म्हणे, माउली नीरा ओलांडतील तोवर पाऊस आलाच समजा.

पुढे काय झाले? २५ जूनला पाऊस मुंबईत आणि दिल्लीत एकाच दिवशी पोचला. असे १९६१ नंतर प्रथमच घडले. २९ जूनला आषाढी झाली. जुलैत देशभर सरासरीहून जास्त पाऊस पडला, आणि जे भ्याले होते ते खोटे ठरले. मग ऑगस्ट आला. १९०१ पासूनच्या नोंदी आहेत, त्यांत इतका कोरडा ऑगस्ट दुसरा नाही. जे हरखून गेले होते तेही खोटे ठरले. एका पावसाळ्यात भय एकदा फसले आणि आशा एकदा फसली.

अशा वर्षी कीर्तन संपले, आरती झाली, की चार माणसे मागे थांबतात आणि एकच प्रश्न निरनिराळ्या तोंडांनी विचारतात. "बुवा, देवावर भरवसा ठेवायचा म्हणजे उद्याची काळजी करायची नाही, असेच ना? मग आम्ही पीकविमा उतरवला, तर आमचा भरवसा कमी पडला असे होते का?" हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. विचारणाऱ्याच्या घरी बियाण्याचे पैसे उसने आणलेले असतात. शिवाय प्रश्न जुना आहे. जे अजून आलेच नाही, त्याच्याशी भक्ताने कसे वागावे, असा तो प्रश्न आहे.

पाठशाळेत तर्कसंग्रह शिकवतात. त्यात अन्नंभट्टांनी अभाव चार सांगितले. त्यांतला पहिला प्रागभाव. घट घडण्यापूर्वी घट नसतो, ते त्याचे नसणे म्हणजे प्रागभाव. त्याला आरंभ नाही, पण शेवट आहे. घट झाला की ते नसणे संपले. उद्याची सारी सुखदुःखे आज या प्रागभावात आहेत. म्हणजे आज ती नाहीत. नसलेल्या वस्तूला भिणे आणि नसलेल्या वस्तूवर हरखणे, दोन्ही एकाच जातीची. वेदान्ती रज्जुसर्पाचा दृष्टान्त देतात. अंधारात दोरी पाहून माणूस साप म्हणून ओरडतो. पण तिथे निदान दोरी तरी असते. उद्याच्या सापाला घाबरणाऱ्याजवळ दोरीसुद्धा नसते.

इथवर ऐकून एखादा म्हणेल, झाले तर मग, उद्या नाहीच, तेव्हा चिंता सोडा. असे म्हणून टाळ्या घेता येतात. पण शास्त्र तेवढ्यावर थांबत नाही. घटाचा प्रागभाव अधांतरी नसतो. त्याला अधिकरण लागते, राहायला जागा लागते, आणि ती जागा म्हणजे कपाल, सोप्या बोलीत माती. अजून न झालेला घट मातीतच नसतो, कापसात नाही. कापसाकडे पाहून कोणी म्हणत नाही की इथे घडा व्हायचा राहिला आहे. तसेच उद्याचे पीक, उद्याचा दुष्काळ, उद्याचे लग्न, उद्याचा आजार हे सगळे आजच्या कुठल्या तरी मातीत ‘अजून नाही’ अशा रूपाने बसलेले असते. ती माती आपल्या हाताखाली असेल, तर तिच्याविषयीचे भय हे भय राहत नाही, ती सावधगिरी होते. आणि आशा ही आशा राहत नाही, ते काम होते. माती हाताखाली नसेल, तर दोन्ही रोग आहेत. आमच्या मते सगळा निवाडा या एका अधिकरणावर आहे. भय वाटले की विचारावे, बाबा रे, तुझी माती कुठे? आशा वाटली तरी हेच विचारावे.

पंचतंत्रातला तो ब्राह्मण सर्वांना ठाऊक आहे. सातूच्या पिठाचे मडके खुंटीला टांगून खाली पडून राहिला. पिठाच्या शेळ्या केल्या, शेळ्यांच्या गाई, गाईंच्या म्हशी, मग घोडे, वाडा, बायको, सोमशर्मा नावाचा मुलगा, आणि मुलाकडे लक्ष देत नाही म्हणून बायकोला मारलेली लाथ बसली मडक्याला. लहान मुले या गोष्टीला हसतात. मोठ्यांनी हसताना जरा जपून हसावे. ब्राह्मणाचे पीठ खरे होते, शेळ्याही त्यातून झाल्या असत्या. चुकले एवढेच, की पिठाला हात न लावता तो सोमशर्म्यापर्यंत जाऊन पोचला.

भयाचीही अशीच गोष्ट आहे, फक्त तिला हसत नाहीत. ढग दिसला नाही की दुष्काळ, दुष्काळ आला की कर्ज, कर्ज थकले की जप्ती, जप्ती आली की मुलीचे लग्न मोडले. पहाटे तीन वाजता अंथरुणात पडल्या पडल्या माणूस इतका लांब जाऊन येतो. मडके याही घरात फुटते. घरधनी दिवसभर चिडलेला, पोरे भेदरलेली, आणि जप्ती तर अजून आलेलीच नाही.

योगसूत्रांत पतंजलींनी भोगून झालेले किंवा भोगत असलेले दुःख टाळायला सांगितले नाही; जे आले नाही तेवढेच टाळण्याजोगे म्हटले. तेव्हा पुढचे पाहणे हा दोष नव्हे. हितोपदेशात तीन मासे आहेत. कोळी उद्या येणार हे कळताच एक रातोरात दुसऱ्या तळ्यात गेला, त्याचे नाव अनागतविधाता. दुसरा प्रत्युत्पन्नमति, त्याने प्रसंग पडल्यावर मेल्याचे सोंग घेतले आणि निसटला. तिसरा यद्भविष्य. जे व्हायचे ते होईल म्हणून बसला आणि मेला. नावे मोठी नामी आहेत. यातला अनागतविधाता भित्रा होता काय? मला तो दिंडीचालकासारखा वाटतो. आषाढीच्या कितीतरी आधीपासून दिंडीचालकाची लगबग चालू असते. गहू-तांदूळ किती लागतील, पाण्याचा टँकर कोणाचा, तंबूची कनात फाटली आहे का, म्हाताऱ्यांच्या गोळ्या कोण बरोबर ठेवणार, जेजुरीचा तळ कुठे, वाल्ह्याचा कुठे. त्याला कोणी म्हणत नाही की महाराज, तुमचा पांडुरंगावर भरवसा नाही. म्हणेल तर संध्याकाळी त्याच्याच पंगतीत बसेल!

पण तिसऱ्या माशाविषयी जरा सविस्तर बोलले पाहिजे, कारण तो फार वेळा तुळशीमाळ घालून येतो. प्रयत्न न करणाऱ्याने ‘त्याची इच्छा’ म्हटले की ते भक्तीसारखे ऐकू येते. तुकोबांच्या समाधानाच्या अभंगांचा असा वापर करणारे आम्ही पाहिले आहेत, आणि त्यावरून सबंध संप्रदायाला आळशी म्हणणारे विद्वानही पाहिले आहेत. दोघांनीही तुकोबांचे चरित्र नीट पाहिलेले नाही.

सन १६३० च्या सुमाराचा तो दुष्काळ. तुकोबांची थोरली पत्नी त्यात अन्नावाचून गेली. दुकानदारी बुडाली, पत गेली. उद्याचे जेवढे भय माणसाला वाटू शकते, तेवढे सगळे त्यांच्या दारात येऊन उभे राहिले होते. त्यानंतर त्यांनी काय केले? देहूचे विठ्ठलाचे देऊळ मोडकळीला आले होते, ते दुरुस्त करायला घेतले. माती हाताखाली होती, तिला हात घातला. आणि दुसरी गोष्ट खतांची. वडिलांच्या वेळची कर्जखते घरात होती. परंपरेने सांगतात ते असे, की त्यांतली अर्धी तुकोबांनी धाकट्या भावाला, कान्होबांना वाटून दिली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत सोडली.

या प्रसंगावर आम्ही पुष्कळदा निरूपण करतो, पण दर वेळी त्यातून नवे निघते. कर्जखत म्हणजे काय? एकच कागद, सावकाराच्या पेटीत असतो तोवर त्याचे नाव आशा, आणि तोच कागद कुळाच्या छातीवर भय होऊन बसतो. ‘येईल’ आणि ‘घेईल’, एवढाच काय तो फरक. तुकोबांनी आपली आशा नदीत सोडली, त्याबरोबर किती घरांतले भय वाहून गेले असेल! आपली आशा पुष्कळदा दुसऱ्याच्या भयावर उभी असते, हे दुकानदाराला, घरमालकाला, हुंडा मोजून घेणाऱ्या वरपित्याला कळायला हवे.

यात आणखी एक बारकावा आहे, आणि पीकविम्याच्या प्रश्नाशी त्याचा फार जवळचा संबंध आहे. तुकोबांनी कान्होबांचा वाटा बुडवला नाही. स्वतःचे सोडले, भावाचे भावाला दिले. त्याने ती खते ठेवावी, वसूल करावी, काय हवे ते करावे. उद्याचा आधार टाकून देण्याचा अधिकार प्रत्येकाला फक्त आपल्या वाट्यापुरता आहे. पदरी बायकामुले असलेला माणूस बैलजोडी विकून ‘विठोबा बघून घेईल’ म्हणू लागला, तर तो वैराग्य करीत नाही, कान्होबाची खते बुडवतो आहे.

सन २०२० ची वारी आठवा. करोनाचे दिवस. पायी सोहळा झाला नाही. संतांच्या पादुका एसटीच्या बसने पंढरपुरास गेल्या आणि १ जुलैची आषाढी वारकऱ्यांनी आपापल्या घरी केली. २०२१ सालीही पादुका बसनेच गेल्या. त्या काळात काही जण तावातावाने म्हणत, हा भित्रेपणा आहे, देवाच्या वाटेवर मरण आले तर सोने होईल. ज्याच्या मनात खरोखर तसे होते, त्याच्या स्वतःपुरते ते थोरच म्हणावे. पण रोग संसर्गाचा होता. आपण मरणाला तयार आहोत म्हणून वाटेवरच्या गावांतल्या, पाणी पाजायला उभ्या राहिलेल्या म्हातारीचाही होकार आपणच कसा द्यायचा? तिचा वाटा तिचा. पादुका बसमध्ये बसल्या तेव्हा आमच्याही पोटात कालवले, पण त्यात संप्रदायाची निष्ठा कमी झाली असे आम्हांस तेव्हा वाटले नाही, आजही वाटत नाही. २०२२ साली लोक पुन्हा पायी निघालेच.

आता परीक्षिताकडे वळू. हा राजा दोन ग्रंथांत दोन तऱ्हांनी भेटतो, आणि भयाशी कसे वागावे हे समजायला याहून चांगली जोडी आम्हांस माहीत नाही. शाप एकच, सातव्या दिवशी तक्षक डसणार. महाभारताच्या आदिपर्वातला परीक्षित एका खांबावर उभारलेल्या वाड्यात राहतो. भोवती पहारे, वैद्य, औषधे, मांत्रिक. विष उतरवणारा काश्यप वाटेने येत होता, त्याला तक्षकाने द्रव्य देऊन परत पाठवले. सातवा दिवस मावळतीला आला. तपस्व्यांच्या वेषात आलेल्या नागांनी दिलेली फळे राजाच्या हातात होती, एका फळात बारीकसा किडा निघाला. राजा हसला. सूर्य मावळतो आहे, आता कसले भय, हा किडाच तक्षक होऊन चावू दे, असे म्हणून त्याने तो मानेवर ठेवला. सहा दिवस भयाने जागे ठेवले आणि सातव्या दिवशी, सूर्य पुरता बुडायच्या आत, आशेने डोळा लागला. तो किडाच तक्षक होता.

भागवतातला परीक्षित शाप कळताच राज्य जनमेजयाला देतो. कान्होबाचा वाटा आधी, हे इथेही आहे! मग गंगेच्या तीरावर बसतो. ऋषी जमतात, शुकाचार्य येतात, आणि राजा विचारतो की मरणाऱ्या माणसाने काय करावे. सात दिवस तो ऐकतो. तक्षक त्यालाही डसतोच. कथेत शेवट बदललेला नाही. तो बदलेल म्हणून त्याने कथा लावलीच नव्हती. मधले सात दिवस मात्र निराळे झाले, इतके निराळे की आजही गावोगाव भागवत बसते ते सातच दिवसांचे.

आदिपर्वातल्या राजाचे पहारे चुकले असे मी म्हणणार नाही. राजाने पहारे ठेवावेत, वैद्य जवळ ठेवावा. त्या खांबावरच्या वाड्यात पहाऱ्यात राहूनही तो आपली राजकार्ये करीतच होता. ज्याच्या घरात उद्याच्या बंदोबस्तापलीकडे काही चालत नाही, त्याने तेवढे तपासून पाहावे.

एक गोष्ट आमच्याच मंडळींविषयी बोलायची आहे, रागावू नये. यमदंडाचे आणि नरकांचे वर्णन करून श्रोत्यांचा थरकाप उडवणे सोपे असते. बायाबापड्या डोळे पुसतात, कीर्तन रंगले असे वाटते. भय दाखवून माळ घालायला लावलेला माणूस त्या भयाची धार बोथट झाली की माळ काढतो, कारण त्याची गाठ विठ्ठलाशी पडलेलीच नसते, यमाशी पडलेली असते. अलीकडे मोबाईलवर निरोप येतात, की हा फोटो अकरा जणांना पाठवा, नाही पाठवला तर नुकसान होईल. विटेवर उभा राहून ज्याने पुंडलिकाची वाट पाहिली, तो देव अकरा निरोप मोजत बसेल काय? असले निरोप खुशाल पुसावेत.

हे सगळे सांगून झाले तरी एक माणूस उरतो, आणि तर्काचा, दृष्टान्तांचा त्याला काही उपयोग नसतो. ज्याला उद्याची वाटच दिसेनाशी झाली आहे, असा. आपल्या राज्यात कर्जापायी किती शेतकऱ्यांनी जीव दिले हे सांगायला नको. बृहदारण्यकात एक जागा आहे: आरंभी प्रजापती एकटाच होता, आणि तो भ्याला. म्हणून तिथे म्हटले की आजही एकटा माणूस भितो. मग प्रजापतीने विचार केला, माझ्याखेरीज दुसरे काहीच नाही तर मी कोणाला भितो? तेव्हा त्याचे भय गेले. प्रजापतीला ते साधले. शेताच्या बांधावर रात्री एकट्या बसलेल्या माणसाला असला विचार सुचत नाही, आणि आपण जाऊन त्याला प्रागभाव समजावू लागलो तर तो क्रूरपणा होईल. त्याच्याजवळ जाऊन बसावे. जेवला का विचारावे. दुसऱ्या दिवशी बँकेत किंवा तलाठ्याकडे जायचे असेल तर बरोबर जावे. ज्ञानी पुरुष दुसरेपण घालवून भय घालवतो. आपल्या दिंडीत दुसरा माणूस तसाच राहतो, आणि आपण त्याला माउली म्हणतो. ओळख नसते, जात पुसलेली नसते, पाय लागला तरी माउली, पाणी दिले तरी माउली. भय जाण्याचा हाही एक रस्ता आहे आणि तो कमी शास्त्रशुद्ध आहे असे आम्हांस वाटत नाही. गावात अशा माणसाच्या घरी एकादशीचे भजन लावले, आणि भजनानंतर दोघेजण मुक्कामाला राहिले, तर ते पुष्कळ आहे.

तेव्हा पीकविम्याचे उत्तर सरळ आहे. उतरवा. मुदतीत उतरवा, पावती जपून ठेवा, पिकाचे नुकसान झाले तर वेळेत कळवा. बियाणे तपासून घ्या, वाफसा आल्याशिवाय पेरू नका, शेजाऱ्याने पेरले म्हणून घाई करू नका. दुबार पेरणीचा खर्च आशेच्या घाईतूनच अंगावर येतो. ही सगळी माती हाताखालची आहे. ढग हाताखाली नाही. ढगासाठी नवस बोलू नये, आणि ढगाने दगा दिला म्हणून वारी चुकवू नये.

आणि पांडुरंगाजवळ काय मागावे, हेही विचारतात. त्याविषयी आम्ही काय सांगणार! माणूस आळंदीपासून सुमारे अडीचशे किलोमीटर चालतो, मनात चार मागण्या घोकत चालतो. पाऊस, मुलाची नोकरी, आईचे दुखणे, सावकार. मग पदस्पर्शाच्या रांगेत तासन्‌तास उभा राहतो, तिथेही घोकतो. गाभाऱ्यात पोचतो, पायांवर डोके ठेवायला मिळते ते पळभर, आणि मागून हात येतो, चला माउली, पुढे चला. बाहेर येऊन डोळे पुसतो, कपाळाला बुक्का लावून घेतो, चंद्रभागेकडे निघतो, आणि अर्ध्या वाटेवर सोबत्याला म्हणतो, अरे, मागायचे राहूनच गेले.